लहरी वसंतातली अलॉटमेंट आणि घरचा ओव्हन: इंग्लंडात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात, संध्याकाळ एकदम लांबते आणि गार्डन सेंटरच्या दारात टोमॅटोची, झुकिनीची रोपं मांडून ठेवलेली दिसतात. ती घेऊ नका. निदान सहा-सात आठवडे तरी थांबा. चार दिवस ऊन पडलं की दुकानदार रोपं बाहेर काढतो. पुढच्या आठवड्यात पारा शून्याखाली उतरला की तीच गिऱ्हाइकं तीच रोपं पुन्हा घ्यायला येतात, आणि त्याचं त्याला काही वाईट वाटत नाही.

या लेखात दोन कामं एकत्र सांगतो आहे. एक अलॉटमेंट, म्हणजे कौन्सिलकडून किंवा एखाद्या संस्थेकडून वर्षाच्या भाड्याने मिळणारा भाजीपाल्याचा तुकडा. दुसरं, घरचं बेकिंग. इंग्लंडातल्या वसंतात या दोघांची जोडी छान जमते, कारण ज्या शनिवारी चिखलामुळे प्लॉटवर पाय ठेवता येत नाही, तो शनिवार आपोआप ओव्हनचा होतो. दोन्हीकडे नवख्याची फसगतही सारखीच होते. बियाण्याच्या पाकिटावर ‘मार्च ते मे’ छापलेलं असतं, ब्रेडच्या कृतीत ‘तासभर फुगू द्या’ लिहिलेलं असतं, आणि आपण ते दोन्ही आकडे प्रमाण मानून चालतो. ते आकडे दुसऱ्या कुणाच्या मातीतले, दुसऱ्या कुणाच्या गरम स्वयंपाकघरातले असतात. आपल्याकडे शेतकरी वाफसा बघून पेरतो. इथेही तसंच करायचं, फक्त जोडीला थर्मामीटर घ्यायचा. खरं तर दोन घ्यायचे: एक मातीसाठी, एक स्वयंपाकघरासाठी. दांड्याचे साधे मिळतात. मातीतला पिठात खुपसायचा मोह टाळा.

प्लॉट मिळवताना

पहिलं काम म्हणजे यादीत नाव घालणं, आणि ते आजच करा. मोठ्या शहरांत काही ठिकाणी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. कौन्सिलच्या संकेतस्थळावर अर्ज असतो. पॅरिश किंवा टाउन कौन्सिल, चर्चच्या मालकीच्या जागा आणि स्वतंत्र अलॉटमेंट संस्था यांच्या याद्या मात्र बहुतेक वेळा वेगळ्या असतात, म्हणून जिथे जिथे घालता येईल तिथे नाव घाला. शक्य असेल तर एखाद्या रविवारी सकाळी साइटवर फेरी मारा आणि तिथल्या सेक्रेटरींशी बोला. कोण प्लॉट सोडणार आहे, हे त्यांना कागदावर यायच्या आधीच कळलेलं असतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये या सगळ्याच्या मुळाशी १९०८ चा कायदा आहे. मागणी असेल तर जागा पुरवण्याची जबाबदारी त्याने स्थानिक कौन्सिलवर टाकली, लंडनच्या आतल्या बरोंचा अपवाद सोडून. सहा मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी मिळून लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावी लागते. भारतीय पासपोर्टवर इथे रीतसर राहणाऱ्यालाही राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं, तेव्हा त्या सहांत तुम्हीही बसता. भाजी मुख्यतः स्वतःच्या घरासाठी पिकवायची, ही कायद्याची मूळ कल्पना आहे. धंदा म्हणून विकण्यासाठी हे प्लॉट नाहीत.

पूर्ण प्लॉट जुन्या मापात दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबात जवळपास अडीच गुंठे. गावाकडे शेती असलेल्यांना हे ऐकून हसू येईल, पण नोकरी सांभाळून, दर शनिवारी तीन-चार तासांत, बैल आणि गडी नसताना अडीच गुंठे फार होतात. अर्धा प्लॉट मागा. मिळालाच तर पाव सुद्धा पुरतो.

सही करण्यापूर्वी करार वाचा. पाइपने पाणी घालायला परवानगी आहे का, शेड उभारता येते का, शेकोटी चालते का, किती भाग लागवडीखाली असलाच पाहिजे, हे नियम प्रत्येक साइटचे वेगळे असतात. तण माजलं की पत्र येतं, आणि ते पत्र गंभीरपणे घ्यायचं असतं.

पहिल्या वसंतात सगळी जमीन खणू नका

हातात आलेला प्लॉट बहुधा रान झालेला असतो. उत्साहाने भाड्याचा रोटाव्हेटर आणून तो फिरवण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. आधी तण ओळखा. पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं असलेली बाइंडवीड नावाची वेल आणि आपल्या हरळीसारखं पसरणारं काउच गवत, या दोघांच्या मुळांचा प्रत्येक तुकडा नवीन झाड होतो. यंत्र फिरवलं की एकाचे शंभर होतात.

त्यापेक्षा प्लॉटचा एक चतुर्थांश भाग निवडा आणि तेवढाच काटेरी फावड्याने, म्हणजे फोर्कने, मुळं वेचत साफ करा. बाकीच्यावर पुठ्ठे अंथरा, चिकटपट्ट्या काढून, आणि वर कंपोस्ट किंवा काळी ताडपत्री टाका. उन्हाळाअखेर खालचं बरंचसं तण उजेडाविना मेलेलं असतं. जुने गालिचे टाकू नका. ते कुजतात, धागे मातीत अडकतात, आणि बऱ्याच साइटवर त्यांना बंदीही असते.

घोड्याच्या तबेल्यातलं खत फुकट मिळतं आणि ते उत्तम असतं, पण एक परीक्षा घेतल्याशिवाय वापरू नका. कुरणांवर मारलेल्या अमिनोपायरलिडसारख्या तणनाशकाचा अंश गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून लिदीत शाबूत उतरतो, आणि त्याने टोमॅटो, बटाटे, शेंगवर्गीय पिकं वेडीवाकडी होतात. एका कुंडीत ते खत कंपोस्टमध्ये मिसळून ब्रॉड बीन्सचे (वालासारख्या जाड शेंगांचे) चार दाणे लावा, दुसऱ्या कुंडीत नुसतं कंपोस्ट. तीन-चार आठवड्यांत पहिल्या कुंडीतली पानं वाटीसारखी आत वळलेली दिसली, तर ते खत प्लॉटवर टाकायचं नाही.

हवेचा भरवसा किती धरायचा

२०१८ मध्ये फेब्रुवारीअखेर पूर्वेकडून बर्फाची लाट आली, मार्चच्या मध्यात पुन्हा बर्फ पडला, आणि १९ एप्रिलला मध्य लंडनमध्ये पारा २९.१ अंशांवर पोचला. २०२१ च्या एप्रिलमध्ये रात्रीमागून रात्री गोठवणाऱ्या गेल्या आणि लगोलग मे महिना पावसात बुडाला. २०२५ चा वसंत संपूर्ण ब्रिटनसाठी नोंदीतला सर्वांत उबदार आणि सर्वांत लख्ख ठरला, इंग्लंडमध्ये तर शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा. गेल्या वर्षी अमुक तारखेला लावलं आणि छान आलं, या अनुभवाला इथे म्हणूनच फारशी किंमत नाही. गुड फ्रायडेला बटाटे लावायची इथली जुनी प्रथा आहे. गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिल यांमध्ये कधीही येऊ शकतो, तेव्हा प्रथा पाळणाऱ्यांना महिन्याभराची सूट आपोआपच मिळाली आहे!

मग बघायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, वाफसा. मूठभर माती घ्या आणि दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर तसाच चिकट राहिला, तर परत फिरा. भुगा होऊन सुटला तर कामाला लागा. मिडलंड्स आणि लंडनच्या आसपास बऱ्याच ठिकाणी जड चिकणमाती आहे. ती ओली असताना तुडवली की तिची वीट होते आणि पुढचे कित्येक महिने पाणी आत मुरत नाही. जायचंच असेल तर फळी टाकून तिच्यावर उभे राहा.

दुसरी, मातीचं तापमान. सकाळी नऊच्या सुमारास थर्मामीटर दहा सेंटिमीटर खोल रोवा. लागोपाठ तीन-चार दिवस आकडा टिकला तरच तो खरा. ब्रॉड बीन्स आणि वाटाणा ५-७ अंशांवरही निघतात. गाजर, बीट आणि बटाट्याला ७-८ हवेत. मेथी-कोथिंबिरीसाठी १० झाले की बरं. फरसबी, रनर बीन्स, झुकिनी आणि भोपळा यांना १२ च्या खाली पेरलं तर बी रुजण्याआधी कुजतं.

तिसरी, रात्रीचा फ्रॉस्ट, म्हणजे पानांवर दव गोठणं. इथे नवखे हमखास चकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हवामान खात्याने दिलेलं किमान तापमान हे जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. तुमची रोपं जमिनीलगत असतात. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीतली ऊब भराभर निघून जाते आणि वर ३ अंश असताना खाली पानावर बर्फाचे कण धरतात. त्यातून तुमची साइट उताराच्या पायथ्याशी किंवा नदीकाठच्या सखल भागात असेल, तर थंड हवा तिथेच येऊन साचते. माझा नियम सोपा आहे: अंदाज ४ अंश किंवा त्याहून कमी, ढग नाहीत, वारा नाही, तर संध्याकाळी जाऊन झाकायचं. दुपार कितीही उबदार गेली असली तरी. उलट ढगाळ, वाऱ्याच्या रात्री त्याच आकड्याला फारसं भ्यायचं कारण नसतं.

झाकायला फ्लीस वापरा. मच्छरदाणीपेक्षा दाट, पांढरं, हलकं असं हे कापड असतं. पातळ फ्लीस अंशा-दोन अंशांचा बचाव करतं, जाड थोडा जास्त. कडांवर दगड ठेवा, नाहीतर सकाळी ते शेजारच्या प्लॉटवर सापडतं. काहीच हाताशी नसेल तर वर्तमानपत्रं चालतात. बटाट्याच्या कोंभांना नुसती माती ओढली तरी पुरते. पानं काळी पडलीच तर बटाटा उपटून टाकू नका, तो खालून पुन्हा फुटतो. टोमॅटो आणि झुकिनीला ही दुसरी संधी बहुधा मिळत नाही.

शेवटचा फ्रॉस्ट दक्षिण इंग्लंडात साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये मेअखेर किंवा त्याच्याही पुढे. तुमच्या साइटचा अंदाज तिथे बरीच वर्षं राबलेल्या माणसाला विचारा. अशा आजी-आजोबांना कुणी विचारलं तर मनापासून आनंद होतो, आणि सल्ल्याबरोबर अर्धं टोपलं रोपंही मिळतात.

काय लावायचं, कोणत्या क्रमाने

मार्चमध्ये, वाफसा येताच, ब्रॉड बीन्स आणि कांद्याचे सेट, म्हणजे लावणीचे छोटे कांदे. सेटचा वाळका शेंडा कात्रीने कापा, कारण पक्षी तोच धरून कांदे उपटून ठेवतात. फेब्रुवारीतच अर्ली जातीचे बटाटे अंड्यांच्या खोक्यात, उजेडाच्या पण गार खोलीत, डोळे वर करून ठेवलेले असले तर त्यांना आखूड, जाड कोंभ फुटतात. माती ८ अंशांवर आली की ते ३० सेंटिमीटर अंतराने लावा आणि कोंभ दिसतील तशी भर घाला. दहा-बारा आठवड्यांत ते खायला येतात.

एप्रिलमध्ये गाजर, बीट, मुळा, पालक, चार्ड. एकदम सगळं पाकीट ओतू नका. दर पंधरा दिवसांनी एक छोटी ओळ पेरा. एखादी ओळ गारठ्याने गेली तरी पुढची लागते, आणि लहरी हवेत एवढा विमा पुरेसा आहे.

टोमॅटो, झुकिनी, लाल भोपळा, रनर बीन्स यांची रोपं घरात खिडकीशी तयार करा, भोपळ्या-झुकिनीची एप्रिलच्या उत्तरार्धात. मिरचीला मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच सुरुवात करावी लागते. मेमध्ये रोपं बाहेरच्या हवेला सरावायला आठ-दहा दिवस लागतात: आधी दिवसा काही तास आडोशाला, मग पूर्ण दिवस, मग एक-दोन उबदार रात्री. लोक थंडीला भितात आणि वारा विसरतात. खिडकीतल्या कोवळ्या रोपाचं देठ एप्रिल-मेचा वारा दुपारभरात मोडतो.

गोगलगायींबद्दल थोडक्यात. बिनशंखाच्या, काळ्या-तपकिरी, रात्री निघणाऱ्या स्लग एका रात्रीत झुकिनीचं रोप संपवतात. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. माती ५ अंशांवर गेली की नेमाटोड, म्हणजे स्लग मारणारे सूक्ष्म कृमी, पाण्यातून देता येतात. शेडमध्ये आधीच्या माणसाने ठेवलेला निळ्या गोळ्यांचा डबा सापडला तर वापरू नका. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांना ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बाहेर वापरायला बंदी आहे. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात.

वसंत कोरडा निघाला तर रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा मुळाशी भरपूर पाणी द्या आणि वर कंपोस्टचा थर ठेवा. शेडच्या छपराला पन्हळ आणि खाली पिंप, हे काम पहिल्याच वर्षी करून टाका.

आपल्या भाज्यांचं काय?

मेथी उत्तम येते. किराणा दुकानातले मेथीदाणे रात्रभर भिजवून एप्रिलच्या शेवटी दाट पेरा, चार-पाच आठवड्यांत जुडी हातात. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन भाग करून पेरा. कोरड्या, गरम वसंतात ती लवकर फुलावर जाते, तेव्हा तिला अर्धवट सावली द्या. दुधी, दोडका, भेंडी यांना उघड्यावर पुरेशी ऊब मिळत नाही. ग्रीनहाउस किंवा पॉलिटनेल (प्लास्टिकचा बोगदा) नसेल तर पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

एक गंमत मात्र फुकट मिळते. इथले लोक फॅट हेन म्हणून जे तण वैतागून उपटतात, तो आपला चाकवत. मे-जूनमध्ये खणलेल्या प्रत्येक वाफ्यात तो उगवतो. कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखी पांढरट भुकटी असते, तीवरून ओळखा, आणि खात्री नसेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय खाऊ नका. ताक, डाळ-दाणे आणि लसणीची फोडणी घरात असतेच.

ब्रॉड बीन्स जूनमध्ये येतात. शेंगा सोलून दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, वरची कडसर साल चिमटीने काढा आणि वालाच्या डाळिंब्यांची उसळ करता तशी करा, आमसूल आणि गुळासकट. घरात कुणाला जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर या दाण्यांपासून दूर राहायचं. त्यांच्यासाठी ते खरोखर धोक्याचे असतात.

पावसाचा शनिवार: पहिला ब्रेड

आपल्यापैकी बहुतेकांच्या आईच्या स्वयंपाकघरात ओव्हन नव्हता. केक व्हायचा तो कुकरमध्ये, तळाशी मीठ किंवा वाळू घालून, शिट्टी काढून. नानकटाईचं सामान डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर द्यायचं आणि संध्याकाळी भाजलेली घेऊन यायची. इथे भाड्याच्या घरातसुद्धा ओव्हन असतोच, आणि बरेच जण त्यात कढया आणि तवे ठेवतात. ते बाहेर काढा.

आधी ओव्हनची पारख. बटणावर २०० लिहिलं म्हणजे आत २०० असेलच असं नाही. दहा-वीस अंशांचा फरक अगदी सर्रास असतो. ओव्हनमध्ये टांगायचा स्वस्त थर्मामीटर आणून खरा आकडा बघून ठेवा. पंख्याच्या ओव्हनला कृतीतल्यापेक्षा २० अंश कमी लावायचे. पीठ घेताना पाकिटावर ‘स्ट्राँग’ शब्द बघा. त्यात प्रथिनं साधारण १२-१३ टक्के असतात. ‘प्लेन’ पीठ केक-बिस्किटांचं, आणि ‘सेल्फ रेझिंग’मध्ये बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. तिन्ही पाकिटं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात, तेव्हा घाई करू नका.

एका ब्रेडसाठी: ५०० ग्रॅम स्ट्राँग पांढरं पीठ, ७ ग्रॅमचं इन्स्टंट यीस्टचं एक पाकीट, ८ ग्रॅम मीठ, ३२० ग्रॅम पाणी. पाणीसुद्धा काट्यावर मोजा.

१. पाण्याचं तापमान ठरवा. मळलेलं पीठ २५ अंशांच्या आसपास हवं. पंचविसाची दुप्पट ५०, त्यातून पिठाचं तापमान वजा करा. गार सकाळी पीठ १६ अंशांवर असेल तर पाणी ३४ चं. मेच्या उन्हात पीठ २४ वर असेल तर पाणी २६ चं. पाणी कढत नको, पन्नाशीच्या पुढे यीस्ट मरायला लागतं.

२. सगळं मिसळून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग दहा मिनिटं मळा. मराठी हाताला इथे थोडं आवरावं लागतं. आपल्याला पोळीच्या कणकेची सवय, त्यामुळे पीठ हाताला चिकटलं की आपण चटकन वर पीठ भुरभुरतो आणि ब्रेड दगड होतो. चिकटू द्या. दाबण्यापेक्षा ताणा, घडी घाला, पुन्हा ताणा. हळूहळू ते गुळगुळीत होतं.

३. परातीत झाकून ठेवा आणि दुप्पट होईपर्यंत थांबा. स्वयंपाकघर १६-१७ अंशांवर असेल तर दोन-अडीच तास, २५ वर असेल तर तासाभरात. घड्याळ बघून ठरवू नका, भांड्यावर खूण करून फुगवटा बघा. घर फारच गार असेल तर ओव्हन बंद ठेवून आतला फक्त दिवा लावा आणि भांडं आत ठेवा.

४. हलक्या हाताने हवा काढा, वळकटी करून तूप लावलेल्या दोन पौंडी टिनमध्ये ठेवा. पीठ टिनच्या काठापर्यंत आलं की बोटाने टोचा. खळगा सावकाश आणि अर्धवट भरला तर वेळ झाली. झटकन भरला तर अजून थांबा. भरलाच नाही तर ताबडतोब भाजा.

५. २२० अंश (पंखा असल्यास २००, गॅस मार्क ७) वर ३०-३५ मिनिटं. मध्यभागी थर्मामीटर खुपसला तर ९५ च्या आसपास हवं. टिनमधून काढून जाळीवर तासभर निवू द्या. गरम कापला तर आत गिच्च लागतो, हे माहीत असूनही घरात कुणीतरी टोक कापतंच.

हवेचा अंदाज बघून कळलं की उद्या सकाळी ऊन आहे आणि प्लॉटवर जायचंय, तर यीस्ट २-३ ग्रॅमच घाला, पाणी गार घ्या आणि मळलेलं पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. उद्या दुपारी परत आल्यावर वळा आणि भाजा. ब्रेडला चवही जास्त येते.

मग प्रयोग

पहिला ब्रेड दोन-तीनदा सारखा जमला की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा: तारीख, खोलीचं तापमान, काय बदललं, काय झालं. प्लॉटची आणि ओव्हनची वही एकच ठेवली तरी चालते.

पोळीचा आटा. १०० ते १५० ग्रॅम पांढऱ्या पिठाऐवजी आटा घाला. चक्कीचा आटा पाणी जास्त पितो, म्हणून दर १०० ग्रॅमला १५-२० ग्रॅम पाणी वाढवा. सगळा आट्याचाच ब्रेड केला तर तो बसका होतो. पोळीचं पीठ पोळीसाठी असतं.

मेथी आणि तीळ. मूठभर मेथीची पानं धुऊन, पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा आणि मळण्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत घाला. ओली पानं टाकली तर पीठ सैल होऊन हाताबाहेर जातं.

ज्वारी. मला सर्वांत आवडलेला प्रयोग हाच. ज्वारीत ग्लुटेन नाही, तेव्हा नुसतं पीठ मिसळलं की ब्रेड भुसभुशीत होऊन तुटतो. पण आपल्याला उकड काढता येते. ७५ ग्रॅम ज्वारीच्या पिठावर १५० ग्रॅम उकळतं पाणी ओता, पळीच्या दांड्याने ढवळा, झाकून पूर्ण गार करा. ही उकड ४२५ ग्रॅम स्ट्राँग पिठात घाला आणि पाणी फक्त १९० ग्रॅम घ्या. यीस्ट-मीठ तेवढंच. उकडीतला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ब्रेड दोन-तीन दिवस मऊ राहतो आणि भाकरीचा वासही येतो. नाचणीचंही असंच करता येतं, रंग मात्र चॉकलेट केकचा येतो आणि मुलांची निराशा होते.

सावरडोच्या, म्हणजे यीस्टच्या पाकिटाऐवजी घरच्या आंबवणावर फुगणाऱ्या ब्रेडच्या, मागे पहिल्या वसंतात लागू नका. गोव्यातल्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, माडाची सूर घालून पाव फुगवले, ते तिथल्या उबेत. इथल्या गार स्वयंपाकघरात आंबवण सांभाळणं हा वेगळा धडा आहे, आणि जूनमध्ये तो सोपा जातो.

रुबार्ब: प्लॉटवरून थेट ओव्हनमध्ये

एप्रिल आणि मे हे प्लॉटवरचे उपासाचे महिने. हिवाळी भाज्या संपलेल्या, नव्या अजून बोटभर. तेव्हा भरवशाचा एकटा रुबार्ब. जुन्या प्लॉटवर बहुधा तो आधीपासून असतो: मोठी पानं, लाल-हिरवे जाड देठ. पानं विषारी असतात, खायचे फक्त देठ. चाकूने कापू नका. बुडाशी धरून, किंचित पिळून ओढा, आणि एका वेळी निम्मे तरी देठ झाडावर ठेवा. नवीन लावला असेल तर पहिल्या वर्षी हात लावायचा नाही.

चव आंबट, कैरीच्या जवळची. इथला सर्वांत सोपा प्रकार क्रम्बल. ६०० ग्रॅम देठाचे दोन बोटं लांबीचे तुकडे, १०० ग्रॅम साखर, थोडं किसलेलं आलं, हे भांड्यात पसरा. २०० ग्रॅम प्लेन पीठ आणि १०० ग्रॅम गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करा, त्यात १०० ग्रॅम साखर आणि वेलची घाला, वरून भुरभुरा, दाबू नका. १८० अंश (पंखा असल्यास १६०) वर ४० मिनिटं, कडेने रस उकळून वर येईपर्यंत. पिठातला पाव हिस्सा बारीक रवा घेतला तर थर जास्त खुसखुशीत होतो.

आणि मेथांबा होतो, हे इथल्या कुणाला सांगून पटत नाही. तेलात मोहरी, हिंग, अर्धा चमचा मेथीदाणे, मग तिखट, १२० ग्रॅम गूळ आणि जेमतेम पाणी. गूळ विरघळून पाक जरा दाटला की शेवटी ३०० ग्रॅम रुबार्बचे तुकडे. चार-पाच मिनिटांत गॅस बंद करा, कारण हे देठ कैरीसारखे टिकत नाहीत, चटकन विरघळतात. ज्वारीच्या ब्रेडच्या भाजलेल्या कापावर लोणी आणि हा मेथांबा.

जूनअखेर देठ ओढणं थांबवा, म्हणजे झाडाला पुढच्या वर्षासाठी ताकद साठवता येते. कापलेली पानं कंपोस्टमध्ये टाकली तर चालतात. जास्तीचे देठ कच्चेच चिरून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. क्रम्बलसाठी ते वितळू न देता, गोठलेलेच भांड्यात टाका आणि ओव्हनमध्ये दहा मिनिटं जास्त ठेवा.